कासाराच्या ओल्या घोड्याची चौकशी

ज्या घोड्याच्या पाठीवर कालपर्यंत तुमची लेकरं बसत होती, तो एका सरकारी हुकुमानं भूत कसा होतो?

आमच्या तामसीकडच्या गावात हे घडलं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि नाल्यापलीकडचा तालुका, जो आजवर आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, मुंबई राज्यात गेला; आम्ही आंध्रात राहिलो. आमचा कासार पलीकडचा. बांगड्या घोड्यावर लादून तो नाला ओलांडून येई. त्याच सुमारास मास्तरांनी शाळेत स्कॉटलंडची गोष्ट सांगितली. तिथल्या तळ्यांतून केल्पी नावाचा घोडा निघतो. त्याच्या आयाळीतून सतत पाणी गळतं. पाठीवर बसेल तो चिकटतो आणि बुडतो. पोरांनी गोष्ट घरोघरी पोचवली.

माझ्या बहिणीचं लग्न एका दिवसावर आलं होतं. कासार हिरवा चुडा घेऊन वेशीवर आला. पाटलांनी काठी आडवी धरली.

"घोडा ओला काऊन हाये?"

"पाटील, नाल्यातून आलो. वाळलेला घोडा कुठून आणू?"

"आपल्या डोहात आसरा हायेत, पाण्यातल्या बाया," एक म्हातारा म्हणाला. "घोडा कसा निंघन?"

"आबा, तिकडचं सरकार बदललं. भुतंबी बदलली असतील," गर्दीतून कुणी म्हणालं.

मी खिशातलं छापील पत्रक काढून समतेवर बोलू लागलो.

"तू चूप बस रे, छापखान्या!" पाटील गरजले.

मग सगळं गाव आयाळीतलं पाणी थांबतं का ते पाहत उभं राहिलं. कासार बिचारा धोतराच्या सोग्यानं आयाळ पुसत होता.

इतक्यात हळदीच्या अंगानं बहीण गर्दीतून आली, घोड्यावर चढली, बसली आणि खाली उतरली.

"चिकटले का मी?"

"दिवसा चिकटत नसंल," म्हातारा पुटपुटला.

"मंग राती तुमी बसून पाहा, आबा!"

वेशीतच तिनं हात पुढे केले आणि चुडा भरून घेतला. लग्न पार पडलं. पण गावच्या बैठकीनं ठराव केला: कासारानं यावं, घोडा त्याच्या राज्यात बांधून यावं. आता तो काचेचं ओझं डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येतो. एखाद दिवशी पाय घसरून तो खरंच बुडेल, आणि गाव म्हणेल, बघा, सांगितलं नव्हतं?

हाच कासार तुमच्याही गावी येतो. पुढच्या बैठकीत उभे राहा आणि मोठ्यानं म्हणा, कासाराला घोड्यासकट येऊ द्या.