दानियलमामांच्या हातून सुटलेला पाइप

बिघडलेला हातपंप उघडण्याआधी दानियलमामा टोपी काढून डोळे मिटून प्रार्थना करायचे, आणि आमेन म्हटल्याबरोबर त्याच तोंडानं पंपाला झापायचे. "आळशा, चार घागरींत दमलास व्हय?" मी हसलो की म्हणायचे, "प्रार्थना देवाला, दम पंपाला. ज्याचं त्याला."

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि मी इस्लापूरकडून तिथं पाण्याच्या खात्यात मामांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागलो; सगळं खातंच त्यांना मामा म्हणायचं. नोकरी कच्ची, खायची सोय नाही. पहिल्याच रविवारी उपासना झाल्यावर मामांनी मला घरी नेलं. रूथमामी आणि चार मुली असा संसार. मामा पहाटे सायकलला दोन डबे बांधून घरचं पाणी स्वतः आणायचे. "पाण्याच्या खात्यातल्या मानसाची बायको रांगेत उभी? लाज हाय मला!" मुलींच्या वेण्याही तेच घालायचे, जरा वाकड्याच.

पुढं दुष्काळ पडला आणि त्यातच थोरल्या रेबेकाचं लग्न ठरलं. लग्न दुपारी चारला. सकाळीच औशाकडच्या एका गावची म्हातारी दारात येऊन बसली. गावाला एकच पंप, तो तीन दिवस बंद. मामींनी कपाळावर हात मारला. मामा म्हणाले, "दोन घंट्याचं काम हाय. जल्दी येतो."

काम खरंच तेवढंच होतं. मामा वरचा पाइप खोलत होते आणि खालचे सगळे पाइप मी क्लॅम्पमध्ये धरून ठेवायचे होते. मी मात्र लग्नात मटण आहे का, हे विचारण्यात गुंग. क्लॅम्प ढिला पडला आणि पाइप खडखडत बोअरमध्ये गेले.

"मामा, तुम्ही जावा, मी बघतो."

"तुला काढता येतंय?"

"न्हाई."

"मग गप बस अन् आकडा आण."

भोवती बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. मामा घटकेघटकेला सूर्याकडे बघत, पण हात थांबला नाही. दोराला बांधून खाली सोडलेल्या आकड्याला पाइप लागायचा, निम्म्यात सुटायचा. चार वाजून गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. पंपाला पाणी आलं तेव्हा दिवस कलला होता.

चर्चपाशी पोचलो तर नांदेडचं वऱ्हाड बसमध्ये चढत होतं. नवऱ्याचा काका ओरडत होता, "पोरीचा बापच न्हाई, कसलं लग्न? चला परत!" रेबेका पांढऱ्या साडीत दारात उभी होती, रडून रडून डोळे सुजलेली. मामा चिखलानं भरलेल्या कपड्यांनिशी काकासमोर हात जोडून उभे राहिले. "चूक माझी हाय. पाइप माझ्या हातून सुटला."

मी मागंच होतो. एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. आजही स्वतःची चीड येते.

काका कसाबसा निवळला आणि पाळकांनी लग्न लावलं. सोमवारी मी मामांना विचारलं, असं का बोललात? "बापाला पाव्हणे माफ करतात, गड्या. परक्याला करत न्हाईत. अन् तुझी नोकरी अजून कच्ची हाय." एवढं बोलून पान्हा उचलून चालू लागले.

पुढं मी कायम झालो, लेकराबाळांचा झालो. दर नाताळला मामांकडं जेवायला जायचो. दर वर्षी ठरवायचो, आज सगळ्यांसमोर सांगायचं. जेवून उठायचो.

मामा नव्वदी ओलांडून गेले. मातीला सगळ्या मुली आल्या होत्या. रेबेकाचेही केस पिकलेले. मी तिला बाजूला घेऊन एकदाचं सांगून टाकलं, "ताई, तो पाइप मी सोडला होता."

ती म्हणाली, "भाऊ, आमच्या बाबांच्या हातून पाइप सुटतो व्हय? आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग इतकी वर्षं कुणी काही बोललं कसं नाही?"

"बाबांनी सांगून ठेवलं होतं. तो सांगंल तेव्हा सांगंल, तवर त्याच्या ताटापाशी कुणी हा विषय काढायचा न्हाई."

मी तिथंच लहान पोरासारखा रडलो.