खळीची भिंत

बसव्वाच्या नवऱ्यानं आयुष्यात एकच गोष्ट तिला विचारून केली. लग्न विचारून झालं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागची दोन खोल्यांची जागा विचारून घेतली नाही. पोराचं नाव संगमेश ठेवलं, तेही सासूनं परस्पर. पण सैपाकघराच्या भिंतीला यंदा कुठला कागद लावायचा, हे चन्नवीरनं तिला दरवर्षी विचारलं. वीस-एकवीस वर्षं. एकदाही चुकला नाही गडी.

चन्नवीर चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचा. चादरीवर मोर दिसतो, कमळ दिसतं, ते आधी कागदावर चौकटी-चौकटीनं रंगवावं लागायचं. टेबलाएवढा कागद, त्यावर मुंगीएवढ्या चौकटी, आणि बारीक ब्रश धरून पाठीचं धनुष्य करून बसलेला चन्नवीर. लोक चादर पांघरतात, झोपतात. त्या मोरापायी कुणाची मान आखडली, हे कोण कशाला विचारतंय? शेटला नमुना पसंत नाही पडला की तो कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं फुली मारायचा. फुली पडलेले कागद रद्दीत जायचे. चन्नवीर ते रद्दीत जाऊ द्यायचा नाही. गुंडाळी करून, सायकलच्या दांडीला बांधून घरी आणायचा.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा आठ दिवसांवर आली की तो वर्षभराचे कागद बाहेरच्या खोलीत अंथरायचा आणि हाक मारायचा, "ए बसू, ये. निवड."

ती हात पुसत यायची. तो आधी हेच विचारणार, "शेगडी हितंच ऱ्हानार का तिकडं नेनार हायस?"

"हितंच."

"मग तितं गडद घे. काजळी दिसत न्हाई. माठाकडं फुलं."

बसव्वा कागदांच्या कडेकडेनं फिरायची. दिवसभर टॉवेलच्या कडा शिवून डोळे चुरचुरत असायचे, तरी या कामाला ती तासभर घ्यायची. एखादा उचलून लांब धरायची, परत ठेवायची. चन्नवीर विडीसुद्धा न पेटवता वाट बघत बसायचा. शेटसमोर असा बसायचा का कोण जाणे.

मग खळ. मैद्याची, सुताला चढवतात तशीच पातळ शिजवलेली, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. जुना कागद कधी खरडायचा नाही, त्याच्यावरच नवा. "भिंतीला अंग चढतंय," म्हणायचा तो. फुलीचा कोपरा मात्र बसव्वा डब्यांच्या फळीमागं न्यायची. ती फुली आल्यागेल्याला दिसलेली तिला खपायची नाही.

शेजारची कमरबी दारात उभी राहून टोमणा मारायची, "बसव्वा, तुझं सैपाकघर हाय का कारखान्याचं शोरूम गं?"

"फुकट बघाय मिळतंय. बघ की गुमान."

ज्यांच्या घरी वर्षाआड रंगारी येतो त्यांनी इथं नाक मुरडू नये. त्या भिंतीसारखी भिंत अख्ख्या सोलापुरात दुसरी नव्हती.

पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला. एक पोरगं खुर्चीत बसून दुपारपर्यंत चार मोर काढायला लागलं. चन्नवीरचे ब्रश वाळले. त्याच कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन म्हणून उभा राहिला, आणि घरी कागद यायचे थांबले. शेवटचा थर निळ्या मोराचा. तो तसाच राहिला. बसव्वा दर सोमवारी कोरड्या फडक्यानं तो अलगद झटकायची. चन्नवीरला जाऊन आता नऊ वर्षं झाली, तरी सोमवार चुकलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात संगमेशचं लग्न झालं. सून प्रियंका रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. गुणी पोरगी. पण लग्नातच तिच्या माहेरचं कुणीतरी सैपाकघरात डोकावून बोललं होतं, "अगं, भिंतीला रद्दी चिकटवल्यात की ह्यांनी!" ते तिच्या मनाला लागलं होतं. आता भोगीला तिची आई होटगीहून पहिल्यांदाच जेवायला येणार होती. प्रियंकानं मोबाइलवरून वॉलपेपर मागवला. पांढरा, संगमरवरासारखा, आत सोनेरी शिरा.

"आत्या, तेल उडालं तरी पुसता येतंय बघा. पाठीमागं गोंद लागलेलाच आहे."

बसव्वानं गुंडाळीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, गार. वाईट नव्हता. पण आला तो ठरून आला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"चांगला हाय," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

रविवारी संगमेश पत्र्याची पट्टी घेऊन भिंतीपुढं उभा राहिला. गुंडाळीवर लिहिलं होतं, जुनं सगळं खरडून काढा, मगच लावा. त्यानं पट्टी टेकवली आणि बसव्वा तांदळाचं सूप टाकून उठली.

"खरडू नगंस!"

"आई, त्यात लिहिलंय..."

"लिव्हनाऱ्याला काय म्हाईत? दगड हाय त्यो. इतकी वर्सं हाललं न्हाई, आता काय हालतंय? वरूनच लावा."

हे खोटं होतं. शेगडीमागं थाप मारली की भिंत पोकळ वाजते, हे तिला दोन पावसाळ्यांपासून ठाऊक होतं. खळ वाफेला सुटते, हे तर मागाच्या आवाजात वाढलेल्या पोरासोरालाही कळतं. पण तिला वाटलं, वरून पांढरं असू दे, काही असू दे, खाली त्याचा हात तर राहील. पट्टीनं खरडलेला मोर केरात बघायची तिची छाती नव्हती.

दोघा नवराबायकोनं मिळून वॉलपेपर लावला. सैपाकघर दवाखान्यासारखं लख्ख झालं. प्रियंकानं चार बाजूंनी फोटो काढले.

भोगीच्या दिवशी निंगव्वा, म्हणजे प्रियंकाची आई, आली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, भोगीची भाजी, आणि मोठ्या पातेल्यात गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, सकाळपासून रटरटत होती. भिंतीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. निंगव्वानं आत येऊन चौफेर बघितलं. "बरं केलंस बाई," ती लेकीला म्हणाली, आणि प्रियंकाचा चेहरा उजळला.

तेवढ्यात वरचा कोपरा वाकला. सरसर आवाज झाला. नुसता वॉलपेपर नाही, त्याच्या पाठीला चिकटलेले सगळे थर घेऊन भिंतीचं कातडंच्या कातडं खाली आलं. परात उलटली, पिठाचा ढग उडाला.

"शिव शिव शिव!" निंगव्वा मागं सरली.

प्रियंका रडकुंडीला आली. "आई, माझंच चुकलं. मला नीट चिकटवायला जमलं नाही."

निंगव्वाच्या कपाळाला आठी पडली. "एक काम धड येत न्हाई तुला. सासू काय म्हनंल?"

बसव्वा गप्प राहिली असती तर झालं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण सून आईपुढं मान खाली घालून उभी होती, आणि फुलीचे कागद घेऊन घरी येणाऱ्या एका माणसाची तशी मान तिनं वर्षानुवर्षं बघितली होती.

"तिला बोलू नका ईनबाई. संगमेश खरडायलाच निघाल्ता. मीच खरडू दिलं न्हाई. लबाड बोलले मी, घट्ट हाय म्हनून. मला ठावं होतं."

"का वो?"

"मालकानं काढल्यालं हाय ते. खरडायला हात धजंना."

हुग्गी शेगडीवर बुडबुडत होती. मग निंगव्वा खाली वाकली. पडलेला तुकडा पुठ्ठ्यासारखा जाड होता. तिनं त्याची कड निरखली.

"हे काय वो, चिरोट्याचं पदर हायेत व्हय?" ती म्हणाली. "हुग्गीत पडलं न्हाई न्हवं? मग वाढा. भूक लागल्या."

जेवणं झाली. संगमेश सासूला स्टेशनला सोडायला गेला, आणि बसव्वानं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. प्रियंकानं एक कड धरली, तिनं दुसरी. वाफेवर तुकडा धरून बसव्वा नखानं पदर सोडवू लागली. वॉलपेपर सुटला, त्याखालचा मोर सुटला. त्याच्याखाली कमळं, वेली, हत्तींची ओळ. बरेचसे लगद्यासारखे फाटले. एकेक वर्ष बोटांना चिकटून येत होतं.

"आत्या, ह्या लाल फुल्या कसल्या?"

"शेटला आवडलं न्हाई की मारायचा."

"आणि तुम्हाला?"

बसव्वानं तिच्याकडं बघितलं. चन्नवीर गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं.

"मला आवडल्यालंच लावलंय की गं सगळं."

सात कागद धड निघाले. सगळ्यांत तळाचा पोपटाचा, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचा. पोपटाचा एक पाय आखूड होता. "ह्येचा पाय चुकलाय, दुसरं घे," चन्नवीर तेव्हा लाजून म्हणाला होता. अठरा वर्षांच्या बसव्वानं तोच उचलला होता. प्रियंकानं तो दोन्ही हातांनी धरून बाहेरच्या खोलीत, दोरीवर वाळत घातला. फुली समोर दिसत होती. बसव्वानं ती झाकली नाही.

ऊन उतरलं. सैपाकघराची भिंत उघडी होती, नुसता करडा गिलावा. बसव्वाला ती आंघोळ घातलेल्या पोरासारखी वाटली. प्रियंका मोबाइल घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"आत्या, परत मागवावा लागणार. हा पांढराच, का हा लिंबांचा, का हा निळ्या नक्षीचा बघा." तिनं मोबाइल सासूच्या हातात दिला. "तुम्ही निवडा."

बसव्वानं पदरानं चष्मा पुसला. परत पुसला. मोबाइल लांब धरला, जवळ आणला. लिंबांवरून निळ्यावर गेली, निळ्यावरून लिंबांवर आली. प्रियंका वाट बघत बसली.

"आदी मला सांग," बसव्वा म्हणाली, "शेगडी हितंच ऱ्हानार का तिकडं नेनार हायस?"