खिशातली चिठ्ठी

सोनाळ्याचा आमचा शिंपी पन्नाशीतही कॉलर उभी ठेवतो. व्हिडिओ हॉलमध्ये आम्ही दोघांनी एकाच दिग्दर्शकाचे कॉलेजातल्या प्रेमाचे सिनेमे पाहत तारुण्य काढलं. मशीन चालवताना तो अजून त्यातलीच गाणी गुणगुणतो.

परवा लेकीचा शाळेचा ड्रेस सैल करायला नेला, तर खिशातून चिठ्ठी निघाली. घडीवर बदाम काढलेला. त्यानं ती न उघडता परत खिशात घातली आणि खिशाला टाका मारला.

"दे बे इकडं. बाप आहो मी तिचा."

"म्हणूनच नाही देत. सिनेमात चिठ्ठी फोडणाऱ्या बापाले सगळ्यात जास्त शिव्या कोन देत होता बे?"

घरी येईपर्यंत माझं बोट दोनदा त्या टाक्यावर गेलं. उसवला मात्र लेकीनंच.