भोंगेकाकांचा पंचा

भोंगेकाका कुणाच्याही घरी गेले की दारावरची बेल दोनदा वाजवायचे. एकदा आत येताना आणि एकदा निघताना. निघताना कशाला, असं आईने एकदा विचारलं, तर म्हणाले, "वैनी, मदी लाइट गेलेली ना? आता वाजते का नाय ते कोन बघनार?" गणपतीत आरतीआधी माइक ठोकून बघणारे तेच आणि रिक्षात बसण्याआधी हॉर्न वाजवायला लावणारेही तेच. बोईसरजवळच्या सालवडच्या आमच्या चाळीत त्यांना हे नाव कुणी दिलं ते माहीत नाही, पण ते तोंडावर घेतलं तरी त्यांना राग येत नसे.

काका मूळचे बेटेगावचे. बोईसरच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. माझे वडील त्याच कारखान्यात, त्यामुळे त्यांचा डबा पोचवायला गेले की मी बॉयलरपाशी रेंगाळायची. बॉयलरमधलं पाणी उतरलं की भोंगा वाजतो. पाळीवर आल्या आल्या काका आधी तो भोंगा वाजवून बघत. मग काचेतलं पाणी, वाफेचा काटा, भट्टी, एकेकावर बोट ठेवून मोठ्याने म्हणत, "पानी अर्ध्यावर हाय. काटा सातावर हाय." ऐकायला माझ्याशिवाय कुणी नसायचं. मी हसले की म्हणायचे, "तोंडानं बोललं का डोळ्यांना बघावंच लागतं."

भोंग्याचं हे वेड कुठून आलं, ती गोष्ट साऱ्या चाळीला पाठ होती. फार पूर्वी तो भोंगा बिघडून दिवसभर उगाच कोकलायचा. कुणा शहाण्याने वैतागून त्यात पंचा कोंबला आणि काढायला विसरला. पुढच्या पाळीला रामअवध नावाचा उत्तरेकडचा कामगार होता. पाणी खरंच उतरलं, भोंगा गप्प. रामअवधला काच रिकामी दिसली तेव्हा त्याने आग बंद केली, माणसं बाहेर काढली. जीव सगळ्यांचे वाचले, बॉयलर मात्र कामातून गेला. पंचा त्याच्या पाळीत सापडला म्हणून नोकरी त्याची गेली. "गप ऱ्हायलेला भोंगा लय वाईट," असं म्हणून काका गोष्ट संपवायचे.

मी वैमानिक झाले. पेढे घेऊन गेले तर काकांनी पेढा हातातच धरून विचारलं, "तुज्या विमानाला भोंगा हाय?"

"एक? वीसपंचवीस असतील. पंखांचे फ्लॅप उघडायचे राहिले तरी यंत्र ओरडतं."

"आनि नाय ओरडलं तं?"

मग मी त्यांना उड्डाणाचं गणित सांगितलं. विमानाचं वजन कॉम्प्युटरला सांगायचं, किती वेगाला नाक उचलायचं ते तो काढून देतो. एका ठरावीक वेगापर्यंत काही बिघडलं तर ब्रेक मारून थांबता येतं. तो ओलांडला की थांबायचं नाही, उडायचंच. काका खूश झाले. "म्हंजे आदी ठरवायचं आनि मंग धावायचं. ब्येस हाय." उड्डाण करताना कुठे विमान पडलं आणि टीव्हीवर तासाभरात वैमानिकाची चूक ठरली, की ते टीव्ही बंद करत. "त्या दोगांना किती सेकंद व्हते? हा च्या पिऊन सांगतोय!"

माझ्या प्रशिक्षणाचं शेवटचं उड्डाण होतं. शेजारच्या कॅप्टननी सही केली की माझी सहवैमानिकाची खुर्ची पक्की. विमान गच्च भरलेलं, निघायला उशीर झालेला. धावपट्टीकडे जाताना मी सवयीने पडद्यावर बोट ठेवून पुटपुटत होते, "इंधन बरोबर, वजन बासष्ट टन..." आणि बोट तिथेच थांबलं. हातातल्या कागदावर बहात्तर होते. आकडा मीच भरला होता. कॅप्टननी तो तपासला होता, पण कागद न बघता पडद्यावरूनच. कॉम्प्युटरने बिनतक्रार बासष्ट टनांचा वेग काढून दिला होता. त्या कमी वेगाला मी नाक वर उचललं असतं आणि विमान उठलं नसतं. भोंगा एकही वाजला नव्हता. पुढे एकच विमान होतं. सहीचा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल.

"सर, थांबूया. वजन चुकलंय. मीच चुकवलंय."

आम्ही बाजूला थांबलो, सगळं नव्याने भरलं आणि नीट उडालो. उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, "निस्तरलं ना? मग कंपनीला चूक लिहून देऊ नकोस. मी सही करतो." मी बरं म्हटलं आणि सुटीला बोईसरला आले.

काकांना सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी एवढंच विचारलं, "लिवून दिलंस?"

"कॅप्टन नको म्हणाले," मी म्हटलं.

काकांनी खांद्यावरच्या पंच्याची घडी केली. "तो पंचा माजा व्हता गं," ते म्हणाले. "रामअवधला काडला तवा मी तितंच उबा व्हतो. पोरीचं लगीन ठरलेलं. तोंड उगडलं नाय."

चाळीला पाठ असलेल्या गोष्टीतला तो शहाणा माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. त्याच दुपारी मी चूक लिहून पाठवली. सही लांबली, पुन्हा सिम्युलेटरमध्ये बसावं लागलं, कॅप्टनना खुलासा द्यावा लागला आणि ते माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. खुर्ची मिळाली, पण उशिरा.

मागच्या वर्षी काकांना पालघरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. उशाशी ठोके मोजणारं यंत्र. काकांनी नर्सला आधी ते वाजवून दाखवायला लावलं, मगच उशीवर डोकं टेकलं. ती आमची शेवटची भेट. मी चाळीत विचारत विचारत रामअवधचा गावाकडचा नंबर मिळवला होता. फोन लावून, स्पीकर चालू करून काकांच्या कानाशी धरला.

"रामअवध, वो पंचा मेरा था," काका एका दमात म्हणाले.

पलीकडे थोडं खोकल्यासारखं झालं. मग म्हातारा आवाज आला, "हमको तो उसी दिन पता था, भैया. बिटिया की शादी थी ना आपकी."

काका ताडकन उठून बसले. "अरे मंग बोलायचं ना! इतकी वर्सं गप ऱ्हायलास!" ते ओरडत होते, हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. उशाशी यंत्र कोकलायला लागलं, नर्स धावत आली.

काकांनी तिच्याकडे बघून पंच्याने डोळे पुसले. "बगा सिस्टर," ते म्हणाले, "वाजलं बरोबर."