निम्मी सुपारी

निमगाव केतकीला मी मास्तर होतो, तेव्हा दर बाजारादिवशी एस.टी. थांब्यावर एक म्हातारबाबा दिसायचे. सुपारी कातरून निम्मी तोंडात टाकायचे, निम्मी बाकावर शेजारच्या रिकाम्या जागी ठेवायचे. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन वीस वर्षं झाली होती.

एकदा मी त्यांना पेपर वाचून दाखवला. समुद्र चढतोय, बेटांवरचे सखल देश बुडणार.

त्यांनी अडकित्ता मिटला. “गुरुजी, त्यास्नी कळवा. जागा मागताना शेजार बी मागा म्हणावं. आमी देवळापुरती जागा मागितली, देव नीट आणला. मानसं मातुर धा गावांत पांगली. माझा शेजारी कुठं गेला, ठावं न्हाय. कधीतरी बाजाराला यील म्हून बसतो.”

मी कुणाला कळवणार होतो? माझी गाडी आली. बाकावरची सुपारी उचलून त्यांनी पुन्हा चंचीत ठेवली.