एक बोट काठ

गेल्या जानेवारीत आमच्या घरासमोरची सोळा फूट बाय दहा फुटांची हिरवळ मी एका सकाळीत साडेसात बाय पाचवर आणली, आणि माझा हेतू शेवटपर्यंत चांगला होता.

हिरवळ माझी नव्हे, शोभाची. शोभा म्हणजे आमची मंडळी. सोलापुरात हिरवळ जगवणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच विचारा! नळाला पाणी चार दिवसांआड, आणि ऊन असं की दोरीवर दुसरा टॉवेल टाकेपर्यंत पहिला वाळून कडक झालेला असतो. अशा गावात या बाईनं दोन उन्हाळे ते गवत जगवलं. तांदूळ धुतलेलं पाणी गवताला, डाळ धुतलेलं पाणी गवताला, फिल्टरमधून वाया जाणारं, कूलरच्या तळाचं, पाहुण्यानं पेल्यात अर्धं ठेवलेलं, सगळं गवताला. (एकदा मी अर्धा पेला ठेवून फोन घ्यायला उठलो. परत येईपर्यंत माझं पाणी अंगणात पोचलं होतं.) शोभा अक्कलकोटकडची, माहेरी सगळे कानडी बोलणारे. ती माझ्याशी मराठीत बोलते आणि गवताशी कानडीत. माया कुणावर जास्त ते यावरून ओळखा.

आमच्या कॉलनीचं महिला मंडळ दर वर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी बाग स्पर्धा घेतं. परीक्षक म्हणून शेती कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक मॅडम येतात. त्याच्या आदल्या वर्षी शोभाला वाटलं होतं, हिरवळीचं पहिलं बक्षीस आपलंच. मिळालं काहीच नाही. गुणांच्या कागदावर शेरा होता: ‘हिरवळ उत्तम. काठ ओबडधोबड.’ शोभानं तो कागद मसाल्याच्या डब्याखाली ठेवला, आणि वर्षभर फोडणी देताना मधूनमधून काढून वाचला. त्या दिवशी आमटी जरा तिखट व्हायची.

आता हा शेरा वाचला शोभानं, पण लागला मला. कारण मी जन्मभर दुसरं काही केलेलंच नाही! तीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात काठ तपासत होतो. चादर आली की टेबलावर पसरायची, चौघडी घालायची, चारी कोपरे आणि चारी काठ एकमेकांवर बसले की पास. एक बोटाचा फरक दिसला की बाजूला. कामगार माझ्या माघारी मला ‘काठ्या’ म्हणायचे. (समोर ‘साहेब’ म्हणायचे, पण त्यात तेवढा आदर नसायचा.) अशा माणसाच्या घरासमोर ओबडधोबड काठ म्हणजे वैद्याच्या पोराला खोकला! मी पुण्याला आमच्या लेकीला, श्रुतीला, फोन करून मन मोकळं केलं. तिनं माझ्या वाढदिवसाला घरपोच एक खोकं पाठवलं. आत लॉनचे काठ कापायचं विजेवरचं मशीन होतं.

लांब दांडा, खाली एक छोटं चाक आणि चाकाशेजारी उभं फिरणारं पातं. गवत आणि माती जिथं मिळतात तिथून पातं चालवत न्यायचं, की कड सुरीनं कापल्यासारखी सरळ. त्याला एजर म्हणतात, असं श्रुतीनं सांगितलं. शेजारच्या म्हेत्रे काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून बघून त्याला ‘गवताची दाढी’ असं नाव दिलं, आणि कॉलनीत तेच चाललं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला मी सज्ज झालो. श्रुतीनं बजावलं होतं की पायात बूट हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा आणि कानात बोळे हवेत. घरात बूट एकच, साठीशांतीचा. चष्मा शोभाचा, उन्हाचा, कडेला फुलं असलेला. कानात मी चांगला मूठभर कापूस कोंबला. शोभा परीक्षकांसाठी शेंगाच्या पोळ्या करणार होती, म्हणून दाणे आणि गूळ घेऊन स्वयंपाकघरात निघाली होती. दारात थांबून तिनं माझ्या नाकासमोर तर्जनी आडवी धरली.

“अहो, एक बोट. एका बोटाच्या वर कापायचं नाही.”

मी म्हटलं, एक बोट म्हणजे काय हे मला शिकवू नकोस, तीस वर्षं तेच केलंय.

आत मिक्सर सुरू झाला आणि बाहेर मी. पहिला काठ घराच्या बाजूचा, लांबीचा. मशीन घुईंग करत निघालं आणि मला फार बरं वाटलं. पण मधेच चाकाखाली एक खडा आला, मशीनला झोका बसला आणि काठात एक बाक पडला. अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. मला दिसला. तो काढायला मी एक बोट आतून पुन्हा सरळ कापत आलो. आता त्या टोकाला मातीचं ढेकूळ लागलं. मग आणखी एक बोट. चौथ्या बोटाला काठ असा निघाला की त्याच्यावर पट्टी ठेवून रेघ ओढावी!

पण लांबून बघितल्यावर समोरचा काठ याच्याशी जुळेना. कारखान्यात अशा वेळी आम्ही चादर घडी घालून बघायचो. हिरवळीची घडी घालता येत नाही, म्हणून मी टेप लावली. एका टोकाला साडेनऊ फूट, दुसऱ्या टोकाला नऊ. समोरचा काठ कापला, तर आता तोच जास्त झाला. पुन्हा अलीकडचा घेतला. असं कितीतरी वेळा इकडून, तितक्याच वेळा तिकडून. दर वेळी मी एकच बोट कापत होतो, शोभाचा शब्द मोडला नाही. फक्त बोटं किती झाली ते मोजलं नाही.

कापलेले पट्टे मी फावड्यानं उचलून भिंतीपाशी टाकत होतो. म्हेत्रे काकूंनी डोकं वर काढून विचारलं, आणि मी एका कानातला कापूस काढून ऐकलं.

“भाऊ, हे टाकनार हाय का? टाकनार असला तर द्या की मला.”

मी म्हटलं, न्या की, कचराच आहे. काकू घमेलं घेऊन आल्या. मग दुसरं आणलं. मग त्यांनी दोन्ही घमेली भिंतीवरच मांडून ठेवली. माणसाला थोडी तरी शंका यावी की नाही? मला आली नाही. मी कापूस परत घातला.

दोन्ही लांब काठ जुळले तेव्हा रुंदी पाच फुटांवर आली होती. लांबी तशीच सोळा. आता ते मला बघवेना. इतकं लांब आणि इतकं अरुंद कापड कुठल्या घरात पसरतात? पाच फुटांच्या रुंदीला साडेसात फूट लांबी, हे प्रमाण माझ्या अंगात भिनलेलं. तीस वर्षं तेच डोळ्यांसमोर होतं. तेव्हा मी आडवे काठ घेतले, आणि खरं सांगायचं तर तिथं बोटाचं माप सोडून थेट फुटानंच कापलं.

एवढ्यात मिक्सर थांबला असावा. मला ऐकू आलं नाही, पण मान वर केली तर पायरीवर शोभा उभी. हाताला गुळाचं पीठ, दोन्ही हात वर, तोंडानं मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होती. कापसातून आणि मशीनच्या आवाजातून माझ्यापर्यंत एकच शब्द पोचत होता, “चाकू! चाकू!” मला इतका आनंद झाला की काय सांगू. चाकूनं कापल्यासारखे काठ झालेत, असं म्हणतेय! लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझ्या कामाचं तिनं पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. मी तिला अंगठा दाखवला आणि शेवटचा काठ अजून एक बोट आत घेतला.

आणि मशीन बंद पडलं. मी ओरडून काकूंना विचारलं, तुमच्याकडं लाईट आहे का. काकू म्हणाल्या, “व्हय, हाय की,” आणि माझ्या मागं बघायला लागल्या. मी वळलो. शोभाच्या हातात मशीनचा प्लग होता. मी कानातला कापूस काढला.

“साकु री,” ती हळू आवाजात म्हणाली. “साकु.”

कानडीत साकु म्हणजे पुरे. एवढी कानडी मला येते, लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तोच शब्द शिकलो होतो.

मग तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. सगळीकडं उघडी पडलेली लाल माती, आणि मधोमध साडेसात बाय पाचची हिरवळ, कुणीतरी चादर वाळत घालून विसरून गेल्यासारखी. चारी कोपरे काटकोनात होते. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. “मी हिला डाळीचं पाणी पाजलंय हो,” एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठीशांतीचे बूट घालून, फुलांचा चष्मा लावून मी तिच्यासमोर उभा होतो. शेवटी म्हटलं, काठ मात्र बघ. हे म्हणायला नको होतं.

पट्टे परत आणून लावू म्हणून मी काकूंकडं धावलो. काकूंनी तोवर ते आपल्या अंगणात अंथरून, दाबून, वर टाकीतलं पाणीसुद्धा मारलं होतं. काकूंच्या दारात अशी झकास हिरवळ पसरली होती! काकू म्हणाल्या, “काडायचं असलं तर काडा भाऊ, पर मुळं तुटतील.” मी तसाच परत आलो.

चार वाजता मॅडम मंडळाच्या दोघी जणींना घेऊन आल्या. फाटकातून आत येऊन त्या तिघी बोलत उभ्या राहिल्या आणि मॅडमनी शोभाला विचारलं, यंदा हिरवळ कुठाय? शोभानं मान खाली घालून त्यांच्या पायांकडं बोट दाखवलं. तिघी उभ्या होत्या तेवढ्यातच हिरवळ संपली होती. त्या घाईनं बाजूला झाल्या. मॅडम मग वाकल्या, पर्समधली पट्टी काढून काठाला लावली, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या की कॉलेजातल्या बागेतही असे काठ त्यांनी कधी बघितले नव्हते. शोभानं शेंगाची पोळी पुढं केली. मला कुणी काही दिलं नाही.

संध्याकाळी गुणांचा कागद आला. ‘काठ: दहापैकी दहा. हिरवळ: शंभर चौरस फुटांपेक्षा कमी, स्पर्धेस अपात्र.’ हिरवळीचं पहिलं बक्षीस म्हेत्रे काकूंना मिळालं. त्यांच्या कागदावर शेरा होता: ‘हिरवळ उत्तम. काठ ओबडधोबड.’

पुढचे चार दिवस घरात कानडीही नव्हती आणि मराठीही नव्हती. मी मुकाट्यानं डाळीचं पाणी नेऊन मातीवर ओतत होतो. पाचव्या दिवशी काकू बक्षिसाचे पेढे घेऊन आल्या. मनानं सरळ बाई. आपल्याला बक्षीस कुणाच्या गवतावर मिळालं हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. मग जाता जाता मला म्हणाल्या, “भाऊ, पुडच्या साली आमचे काठ तेवडे तुमी कापून द्या की. आमाला न्हाई जमत.”

मी घाबरून शोभाकडं बघितलं. शोभा काकूंकडं बघत होती. मग चार दिवसांत पहिल्यांदा ती हसली, आणि काकूंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “त्यात काय एवढं? मशीन न्या, ह्यांनाही न्या.”

आता पुन्हा जानेवारी आलाय. हिरवळ अकरा बाय दहापर्यंत परत आलीय, तिला हात लावायची मला बंदी आहे. शोभानं कॉलनीतल्या सगळ्या बागवाल्या बायकांना आपणहून फोन करून सांगितलंय की आमचे हे घरी येऊन काठ कापून देतात, संकोच करू नका, त्यांना हौसच आहे. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात माझी रोज एक याप्रमाणे सहा घरं लागली आहेत. पहिलं म्हेत्रे काकूंचं. कापूस, बूट आणि चष्मा शोभानं काल स्वतः काढून ठेवले.

“तिथं बोटं मोजत बसू नका,” ती म्हणाली. “तुमच्या मनाला पटेपर्यंत कापा.”

लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्या कामावर तिनं इतका भरवसा कधीच टाकला नव्हता.