पॅनेलचा उपास

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. इथे लोक लिहितात — वडाखाली बाई उभी होती, मागून कुणी नावाने हाक मारली... मी वाचतो, चहा पितो आणि विसरून जातो. उभी हयात कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढलेला माणूस आहे मी. काटा जिथे थांबला तोच आकडा खरा, बाकी सगळ्या बाता, हे पोरांना घोटून घोटून शिकवलं. माझ्या अनुभवात बाई नाही, अमावस्या नाही, स्मशान तर नाहीच नाही. भर दुपारची गोष्ट आहे आणि एका ॲमीटरची आहे. हसू आलं तर हसा, पण पूर्ण वाचा.

सत्तरचं दशक संपून ऐंशी साल लागलं होतं तेव्हाचं हे. नागपूरला प्रताप नगरात आमचं दोन खोल्यांचं घर, वर मोकळी गच्ची, आजूबाजूचे निम्मे प्लॉट रिकामे. घरात मी आणि आई, दोघंच. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई काटोलकडच्या खेड्यातली, दुसरी पास, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघीण. मी कॉलेजात लॅब अटेंडंट होतो. म्हणजे काचा पुसायच्या, वायरी गुंडाळायच्या, सरांनी हाक मारली की धावत जायचं. पण लॅब असिस्टंटची एक जागा निघणार होती आणि माझा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो होतो, अटेंडंटला मुलगी कोण देतो?

त्या दिवसांत लाईनचं, म्हणजे विजेचं, काही खरं नव्हतं. सकाळी जायची, संध्याकाळी जायची, आणि प्रताप नगर गावाच्या टोकाला, त्यामुळे आमची आधी जायची आणि सगळ्यांत शेवटी यायची. अशात आमच्या विभागाच्या सरांनी कुठून तरी खटपट करून एक सोलर पॅनेल मिळवलं. तेव्हा ही वस्तू नागपुरात कुणी पाहिलीही नव्हती. सरांना बघायचं होतं की लाईन नसताना एखादं साधं घर यावर निभावतं का. कॉलेजच्या गच्चीवर माकडांचा उच्छाद, म्हणून सर म्हणाले, "मधुकर, तुझ्या घरी लावू." मी एका पायावर तयार झालो.

पॅनेल गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. त्याची वायर खिडकीतून मधल्या खोलीत आणली. तिथे भिंतीवरच्या फळीवर ॲमीटर, म्हणजे करंट किती येतोय ते दाखवणारा काटा. खाली मोटारीची एक जुनी बॅटरी आणि तिच्यावर चालणारी लहानशी ट्यूब. बाजूला कॉलेजचा शिक्का मारलेली वही. वेळ लिहायची, काटा लिहायचा, बस.

मी कॉलेजात गेलो की काटा आई बघायची. इंग्रजी आकडे तिला येत नव्हते, म्हणून मी काचेवर मराठी आकड्यांची पट्टी चिकटवून दिली. संध्याकाळी मी सायकल लावायच्या आतच तिचा हिशेब सुरू व्हायचा, "बाराले दोनच्या जवळ होता गा, मंग ढग आला त धपकन पडला." लाईन गेली की गल्लीतल्या बाया आमच्याकडे उजेडात तांदूळ निवडायला यायच्या आणि आई त्यांना ट्यूबबद्दल असं सांगायची, जसं काही तिनेच ती घडवली आहे.

आता मुद्द्यावर येतो. त्या सुमारास एक मोठं सूर्यग्रहण आलं. नागपूरला पूर्ण नव्हतं, पण सूर्याचा बराच भाग झाकला जाणार होता. सरांना तर जणू लॉटरीच लागली. मला बोलावून म्हणाले, "सूर्य झाकत जाईल तसा काटा उतरेल, मग पुन्हा चढेल. दर दहा मिनिटांनी लिहायचं. हा आलेख मला परिषदेत दाखवायचा आहे. हे नीट झालं तर तुझ्या जागेचं मी बघतो." शब्द दिला म्हणजे दिला, असा तो माणूस होता.

ग्रहण दुपारी अडीचच्या सुमारास लागणार होतं. कॉलेज लवकर सुटलं, मी एकच्या आत घरी. आदल्या संध्याकाळी लाईन फार वेळ गेली होती आणि बॅटरी पार बसली होती... ट्यूब लालसर होऊन विझली ती विझलीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे. आईने खिडक्या लावून घेतल्या होत्या, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं ठेवली होती. मी स्टूल घेऊन ॲमीटरसमोर बसलो, तर बॅटरीवरही एक तुळशीचं पान.

"हे काय वं माय?"

"त्यातही पाणी असते ना? तूच त टाकतं दर महिन्याले."

मी हसलो आणि पान तसंच राहू दिलं.

दोन वाजता काटा एक पॉइंट नऊ. लिहिलं. अडीचला एक पॉइंट नऊ. तीनला ग्रहण चांगलं लागलेलं, तरी एक पॉइंट नऊ. मी काचेवर टिचकी मारली. काटा थोडा थरथरला आणि परत तिथेच. अडकला असेल म्हणून पॅनेलकडून येणारी वायर सोडली, काटा शून्यावर गेला. वायर जोडली, पुन्हा एक पॉइंट नऊ. म्हणजे काटा ठीक होता, करंट खरंच वरून येत होता. घरात दुसरीकडून करंट यायला जागाच नव्हती, कारण लाईन दुपारपासूनच गेलेली होती.

साडेतीन-पावणेचारला बाहेर विचित्र अंधारून आलं. खिडकीच्या फटीतला उजेड राखेसारखा झाला, पोपटांचा थवा कलकलाट करत घरी निघाला, समोरच्या प्लॉटवरचं कुत्रं उगाच गोल गोल फिरायला लागलं. काटा मात्र खिळ्यासारखा जागेवर. मला घाम फुटला. भीतीने नाही, आलेख हातचा चालला म्हणून. गच्चीवर जाऊन बघतो म्हणून उठलो तर आई दारात आडवी.

"ग्रहण सुटल्याबिगर कोणी बाहेर जात नाही."

"अवं, माह्या नोकरीचा प्रश्न आहे."

"जिवाचा नाही ना? बस खाली."

फिजिक्सच्या माणसाने ऐकायला नको होतं. पण आमच्या आईपुढे फिजिक्स चालत नसे. मी बसलो आणि लिहीत राहिलो. चारला एक पॉइंट नऊ. साडेचारला एक पॉइंट नऊ... अहो, साध्या दिवशीही त्या वेळेला सूर्य कलतो, काटा एकच्या खाली येतो.

पाचच्या सुमारास ग्रहण सुटलं. आई आंघोळीला गेली आणि मी जिना चढून वर धावलो. पॅनेल झाकलेलं होतं. आमच्या घरातली सगळ्यांत जाड गोधडी दुहेरी करून अंथरलेली, वरून ताडपत्री, सुतळीने चारी बाजूंनी करकचून बांधलेली, आणि कोपऱ्यांवर विटा. एक किरण आत शिरायला वाव नव्हता.

आई ओल्या केसांनी वर आली. मी विचारलं, "काय करून ठेवलं हे? कवा झाकलं?"

"सकाळीच. वेध लागल्यावर."

"पण काहून?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसा काही मीच अडाणी. "वेधात आपण काही खातो काय? मंग याले काहून खायले लावतं? हेही सूर्याचंच खाऊन राहिलं ना. आजचा दिवस उपास घडला त्याले, बिघडलं काय?"

म्हणजे सकाळपासून पॅनेल गोधडीखाली अंधारात होतं. काटा शून्यावर हवा होता, आणि तो दाखवत होता ऐन दुपारचं ऊन. मी सुतळी सोडली आणि आईला खाली काटा बघायला पाठवलं. ताडपत्री ओढली, गोधडी काढली, संध्याकाळचं ऊन काचेवर पडलं. खालून आईचा आवाज आला, "पडला गा! अर्ध्यावर आला."

उन्हात आल्यावर काटा पडला. हे वाक्य मी गेली चाळीसेक वर्षं मनात उलटसुलट करून पाहिलं आहे.

काटा खोटं बोलला असं म्हणावं, तर त्या दिवशी लाईन आली ती थेट रात्री नऊला, आणि अंधार पडल्यापासून तोवर ट्यूब जळत होती. आदल्या संध्याकाळी जी बॅटरी मेली होती, दिवसभर जिला ऊन मिळालं नव्हतं, तिच्यावर. खाली बाया तांदूळ निवडत होत्या आणि मी गोधडी मांडीवर घेऊन बसलो होतो. मला भीती अशी वाटलीच नाही. कुतूहलाने मात्र डोकं फिरायची पाळी आली होती.

दुसऱ्या दिवशी वही सरांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत, तेच वाईट. वहीत एकाखाली एक तेच आकडे बघून म्हणाले, "मधुकर, झोप लागली होती का?" मी शपथेवर सांगितलं. माणूस भला, रविवारी स्वतः घरी आले. माझ्यासमोर पॅनेलवर तीच गोधडी, तीच ताडपत्री टाकली. खाली येऊन काटा पाहिला... शून्य. ढिम्म हलेना. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहा घेऊन आलेली आई सहज म्हणाली, "पण सायेब, त्या दिवशी ग्रहण होतं. आज कुठं आहे?"

सरांनी कप खाली ठेवला. प्रयोग करायचा तर परिस्थिती तीच हवी, हे ते आम्हाला रोज सांगत. मग ते हसले, म्हणाले, "आई, बरोबर आहे तुमचं." पण निघताना फाटकाशी त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर कोणत्या वेळेला सूर्य किती झाकला गेला त्याचं कोष्टक होतं. "वहीचं ते पान काढून टाक. यावरून गणित करून नीट आकडे भर. परिषद तोंडावर आली आहे, आणि तुझी जागाही."

मी भरले. लॅबच्या टेबलावर बसून, पट्टीने रेघा मारून, तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे वेळोवेळी लिहिल्यासारखं दिसावं. काटा कसा उतरला, कसा चढला... सुंदर आलेख आला. महिन्याभराने माझ्या हातात असिस्टंटची ऑर्डर होती.

आईने गल्लीभर पेढे वाटले. प्रत्येक दारात तेच सांगत होती, "माह्या गोधडीखाली करंट तयार झाला बापा, कालेजच्या वहीत लिहून ठेवलं आहे त्यायनं." शेवटचा पेढा माझ्या हातावर ठेवून तिने हळूच विचारलं, "काय रे मधू, कोणी झाकलं ते लिवलं काय त्यात? माहं नाव?"

मी म्हणालो, "लिहिलं."

नंतर तिने कधी विचारलं नाही. पण सोयरे आले की हमखास सांगायची, की मी दुसरी पास, पण कॉलेजच्या वहीत माझं नाव आहे. जाईपर्यंत सांगत होती आणि मी शेजारी मान डोलावत होतो. त्याची लाज मला आजही वाटते, त्या काट्याच्या कोड्याहून जास्त.

कोड्याचं म्हणाल तर मी सगळं करून पाहिलं. वायर बदलली, मीटर दुसऱ्या मीटरशी पडताळला, बॅटरी उघडून पाहिली. जाणकार मित्रांनी दहा तर्क दिले आणि प्रत्येक तर्क त्या रात्रीच्या ट्यूबपाशी येऊन अडतो. पुढे दुसरी ग्रहणं आली, पण तोवर पॅनेल कॉलेजने परत नेलं होतं आणि ते कुठे गेलं कुणास ठाऊक. मला उत्तर सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

पण फाडलेल्या पानावरचं इथे पुन्हा लिहून ठेवतो, म्हणजे कुठे तरी खरं राहील. ठिकाण प्रताप नगर, नागपूर. दुपारी दोन ते साडेचार, दर दहा मिनिटांनी, काटा एक पॉइंट नऊ. पॅनेल सकाळपासून झाकलेलं. झाकणारीचं नाव अनसूया, शिक्षण दुसरी पास.